मदत हवी आहे: लातूरजवळ दोन-तीन दिवस नुसतं शांत राहायला जागा

नमस्कार मंडळी, लातूरच्या मार्केट यार्डात आमची आडत आहे, म्हणजे शेतकऱ्यांचा माल कमिशनवर विकून द्यायचं दुकान. दसऱ्यापासून सोयाबीनची आवक सुरू झाली की सौदे, काटा, हिशोबाच्या पट्ट्या, उचल (आगाऊ पैसे) मागणारे फोन हेच दिवसभर. आता आवक कमी झालीय पण डोकं काही थांबेना, रात्री अंथरुणावर पडलो तरी भावच फिरायलेत. डॉक्टरला दाखवलंय, बीपी शुगर नॉर्मल, विश्रांती घ्या म्हणले.

रविवारी फोन बंद ठेवून बघितला तर शेतकरी थेट घरी येतेत, आणि त्यांना परत तरी कसं पाठवायचं, त्यांचेच पैसे असतेत आपल्याकडं. अंबाजोगाईला मुकुंदराजांच्या समाधीपाशी दरीकडं तोंड करून बराच वेळ बसलो, वारा आणि पाखरांशिवाय कायच आवाज नाही, तेव्हा लई बरं वाटलं. पण संध्याकाळी परत दुकान.

इगतपुरीची विपश्यना माहितंय, पण नवीन माणसाला १० दिवसांचाच कोर्स करावा लागतो, जाण्यायेण्यासकट १२ दिवस दुकान सोडणं जमत नाही.

सोबत बायको येणार, तिचे गुडघे दुखतेत, म्हणून जास्त पायऱ्या नको. जेवण साधं चालेल, रिसॉर्ट नको.

लातूरपासून गाडीनं तीन-चार तासांत एखादा मठ, आश्रम किंवा शेतावरची खोली, जिथं नवरा-बायको दोघांना राहू देतेत आणि कार्यक्रमाला बसायची सक्ती नाही, अशी स्वतः राहून बघितलेली जागा कुणाला माहितंय का?