मदत हवी आहे : रक्ताचे कल्चर निगेटिव्ह, तरीही एंडोकार्डायटिस?

नमस्कार. आम्ही वाळपईचे. माझ्या थोरल्या भावाच्या हृदयाच्या मायट्रल झडपेत लहानपणीच्या संधिवातज्वरामुळे दोष आहे. सध्या त्याचा ताप हटत नाही, वजन उतरले आहे आणि नखांखाली कुसळासारख्या बारीक तपकिरी रेषा दिसतात. डॉक्टरांना हृदयाच्या आतील आवरणाच्या जंतुसंसर्गाची, म्हणजे एंडोकार्डायटिसची, शंका आहे. छातीवरून केलेल्या इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) झडपेवर काही दिसले नाही आणि कल्चरही, म्हणजे रक्तातील जंतू वाढवून पाहण्याची चाचणीही, निगेटिव्ह आले. मात्र रक्त घेण्यापूर्वीच अँटिबायोटिक सुरू झाले होते, आणि अशा वेळी जंतू असूनही कल्चरमध्ये वाढत नाहीत, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

अन्ननलिकेतून केलेल्या इकोत झडपेवरच्या लहान गाठीही अधिक चांगल्या दिसतात, तर तो लगेच करून घेण्याचा आग्रह धरावा का? शिवाय एंडोकार्डायटिसच्या निदानासाठीच्या २०२३ च्या सुधारित ड्यूक निकषांत क्यू फीव्हर आणि बार्टोनेला या जंतुसंसर्गांच्या रक्तचाचण्यांनाही महत्त्वाचे स्थान आहे. दादाचा गोठा आहे, गाय विताना तो स्वतः हात लावतो, आणि क्यू फीव्हर गुरांकडून येतो. म्हणून ही चाचणी व्हायलाच हवी, असे मला वाटते. गोव्यात किंवा बेळगावात ती कुठे होते, हे जाणकारांनी कृपया कळवावे.