मदत हवी आहे : गुहागरच्या लग्नाची माहिती आणि नाटकाच्या ग्रुपच्या आठवणी एकाच पुस्तिकेत कशा बसवाव्यात?

नमस्कार मंडळी,

मार्गशीर्षात माझं लग्न आहे, गुहागरला. मुलाचं घर तिथलं. रीतीप्रमाणे लग्न मुलीकडे, म्हणजे पुण्यात व्हायला हवं होतं, पण त्याच्या आजीला आता घाटाचा प्रवास झेपत नाही आणि नातवावर अक्षता तर स्वतःच्या हातानेच टाकायच्या आहेत. माझ्या आईबाबांनी जराही खळखळ न करता होकार दिला. व्याडेश्वर त्यांचं कुलदैवत, तेही तिथेच. मांडव घरच्याच वाडीत, नारळ-पोफळीत पडणार आहे. शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यांनी पोचायचं, शनिवारी सकाळी ग्रहमख आणि हळद, संध्याकाळी सीमांतपूजन, रविवारी सकाळचा मुहूर्त.

छापील पत्रिकेचा प्रश्न नाही. ती 'आमचे येथे श्रीकृपेकरून'पासून 'आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं'पर्यंत रीतसर तयार आहे. मदत हवी आहे ती वेगळ्या गोष्टीसाठी. येणाऱ्यांच्या हातात द्यायला आम्ही दोघं मिळून एक छोटी पुस्तिका करतोय. कसं यायचं, कुठे उतरायचं, कधी काय आहे हे त्यात असेलच, पण आमच्या मित्रमंडळींच्या आठवणीही घालायच्या आहेत. तीच पीडीएफ करून व्हॉट्सॲपवरही पाठवू.

आठवणी कशासाठी, ते जरा सविस्तर सांगते.

आमची ओळख कॉलेजच्या एकांकिकेतली. पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या त्या वर्षीच्या टीममध्ये तो पार्श्वसंगीत बघायचा आणि मी प्रॉम्प्टर होते. प्राथमिक फेरीत, भरत नाट्य मंदिरात, आमच्या मुख्य नटाने ऐन रंगात दोन पानं खाल्ली, म्हणजे मधले संवादच गाळून पुढे गेला. हा समोरच्या विंगेत लॅपटॉप घेऊन बसलेला. मधल्या दोन पानांत पावसाचा आवाज, दारावरची थाप आणि रेडिओ असे तीन तुकडे होते, आणि ते वाजले असते तर पुढचं सगळं नाटक हास्यास्पद झालं असतं. मी दोन बोटं वर केली आणि पान उलटल्याची खूण केली. त्याने मान हलवली, तिन्ही तुकडे गाळले आणि बरोब्बर पुढच्या खुणेवर येऊन थांबला. प्रेक्षकांत कुणालाही काही कळलं नाही. ती संहितेची वही अजून माझ्याकडे आहे. लांब फुलस्केप वही, त्यात चिकटवलेली झेरॉक्सची पानं, आणि समासात त्याच्या अक्षरात लाल पेनने 'पाऊस सुरू', 'सात मोजून बंद'. ज्याने पानं खाल्ली तो गेली कित्येक वर्षं सांगतोय की हे लग्न त्याच्यामुळे होतंय.

पुरुषोत्तम १९६३पासून चालू आहे, त्यामुळे पुण्यातल्या माझ्या काका-मावश्यांना तालमी म्हणजे काय आणि 'अरे आवाज कुणाचा' म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. गुहागरकडच्या मंडळींना मात्र आमच्या आयुष्यातला हा भाग अजिबात ठाऊक नाही. साखरपुड्याला आमच्या टीममधले सगळे आले होते. नातेवाईक एकीकडे, हे एकीकडे, जेवणंही वेगवेगळ्या टेबलांवर. त्याच्या आत्याने मला हळूच विचारलं, "तो दाढीवाला उंच मुलगा कोण गं? कॅटरिंगचा का?" तो आमचं नेपथ्य करायचा. बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी आईला घरी पाठवून हॉस्पिटलच्या बाकावर रात्रभर बसला होता तो. मला सख्खा भाऊ नाही, लाजाहोमाला लाह्या द्यायला आणि कानपिळीला तोच उभा राहणार आहे. मला त्या आत्यांना हे लग्नाआधी कळायला हवंय. मांडवात तीन दिवस एकत्र राहायचं तर लोकांनी एकमेकांना ओळखून यावं, एवढीच पुस्तिकेमागची इच्छा आहे.

आता अडचणी.

पहिली म्हणजे मांडणी. आधी माहिती आणि मागे आठवणी असा आराखडा केला, तर आई म्हणाली की मोठी माणसं गाडीची वेळ बघून पुस्तिका बाजूला ठेवतील, मागचं कोण वाचतंय. उलट केलं तर ज्यांना फक्त खोली कुठली ते हवंय ते वैतागतील.

दुसरी म्हणजे मित्रांकडून मजकूर येत नाही. सगळ्यांना मनापासून लिहायचंय, "देतो गं, रविवारी बसतो" असं ऐकते. आमच्या एकांकिकेचे लेखकमहाशय म्युनिकला आहेत, त्यांनी 'आपली मैत्री म्हणजे एक प्रवास' अशी सुरुवात करून पाठवलं. ज्या माणसाने इतके जिवंत संवाद लिहिले त्याच्याकडून हे यावं याचं मला वाईट वाटलं.

तिसरी अडचण नाजूक आहे. टीममधले दोघं, आमची दिग्दर्शिका आणि मुख्य नट, बरीच वर्षं एकत्र होते. लग्न ठरण्याच्या बेतात असताना वेगळे झाले. आता बोलत नाहीत. दोघंही येणार आहेत आणि दोघंही आम्हाला तितकेच जवळचे आहेत. पण त्या काळातली एकही गोष्ट अशी नाही की जिच्यात दोघं एकत्र नाहीत. फोटोंचंही तेच. त्यांना गाळलं तर पुस्तिका खोटी होईल, ठेवलं तर एखाद्याला मांडवात बसणं जड जाईल. या प्रश्नाने मी खरंच अडले आहे.

आणि शेवटी प्रवासाचं पान. माझा मजकूर असा आहे, त्या भागातल्या मंडळींनी तपासून द्यावा : रेल्वेने चिपळूणला उतरावे, तिथून गुहागर साधारण ४५ किलोमीटर. मुंबईहून सकाळच्या मांडवी आणि जनशताब्दी, दादरहून रात्रीची तुतारी. पुण्याहून गाडीने येणाऱ्यांनी सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण असे यावे. मुंबईतले दोन मित्र वंदे भारतबद्दल विचारत आहेत, ती सोयीची पडेल का? आणि दापोलीकडून येणाऱ्या मावशीने दाभोळच्या फेरीबोटीने यावं का?

आगाऊ आभार.

प्रतिसाद १

अभिनंदन! मी चिपळूणचा, त्यामुळे शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. मजकूर ठीक आहे. वंदे भारत चिपळूणला थांबत नाही, खेडला थांबते. खेडहून गुहागर आणखी लांब पडतं, त्यामुळे तुमची गाडी खेडला न्यायला जाणार असेल तरच ती सुचवा. 'साधारण ४५ किलोमीटर' याच्यापुढे 'सव्वा ते दीड तास' असं लिहाच. मुंबईचा माणूस ४५ वाचून पाऊण तासाचा हिशोब करतो.

सगळ्यात महत्त्वाचं, आरक्षण. १ नोव्हेंबर २०२४पासून ते ६० दिवस आधी उघडतं. घरातल्या मोठ्यांच्या डोक्यात अजून जुने १२० दिवस असतात, आणि तरुणांना शेवटच्या आठवड्यात बघू असं वाटत असतं. लग्न डिसेंबरात येत असेल तर गोव्याला जाणाऱ्यांची गर्दी त्याच गाड्यांना असते. म्हणून पुस्तिकेची वाट बघू नका. प्रवासाचं पान आजच वेगळं पाठवा, त्यात 'आरक्षण अमुक तारखेला सकाळी ८ वाजता उघडेल' अशी तारीख मोजून लिहा. परतीचीही लिहा, ती लोक विसरतात.

कुंभार्ली घाट उजेडी उतरावा असं सुचवा, विशेषतः ज्यांना घाटाची सवय नाही त्यांना. दाभोळ-धोपावे फेरीबोटीत गाडी चढते, दापोलीकडून येणाऱ्यांचा चिपळूणचा मोठा वळसा वाचतो. मावशींना जरूर सांगा.

समुद्राबद्दल दोन ओळी हव्यात. गुहागरचा किनारा लांबलचक आणि सुरूच्या बनामुळे फार देखणा आहे, शहरातली मंडळी हळद धुवायच्या निमित्ताने थेट पाण्यात जातात. भरती-ओहोटीच्या त्या तीन दिवसांच्या वेळा छापा आणि अंधार पडल्यावर पाण्यात उतरू नये हे स्पष्ट लिहा.

प्रतिसाद २

मित्रांना 'लिहून द्या' म्हणू नका. माझ्या भावाच्या लग्नात आम्ही असंच काहीतरी केलं होतं. 'आठवण लिही' म्हटलं की माणूस निबंधाच्या मूडमध्ये जातो, म्युनिकचा लेखक असो की आणखी कुणी. फोन करा आणि प्रत्येकाला एकच नेमका प्रश्न विचारा. नेपथ्यवाल्याला विचारा, सेट टेम्पोत चढवताना काय मोडलं होतं? लेखकाला विचारा, कुठला संवाद तालमीत सगळ्यांनी मिळून कापला आणि तुला अजून त्याचा राग आहे? रेकॉर्ड करा, मग तुम्ही उतरवून काढा, बोलल्यासारखंच ठेवा. आठ-दहा ओळींच्या वर एकही नको.

आणि त्या वहीच्या पानाचा फोटो घाला. 'सात मोजून बंद' ही तीन शब्दांची ओळ म्युनिकच्या अख्ख्या परिच्छेदापेक्षा जास्त सांगते.

प्रतिसाद ३

मांडणीबद्दल. माझी दोन्ही मुलांची लग्नं झाली आहेत, त्यामुळे पाहुणा म्हणून नाही तर यजमान म्हणून सांगते. आठवणींना वेगळा विभाग देऊच नका. कार्यक्रमपत्रिकेतच त्या गुंफा. लाजाहोमाची वेळ लिहिलीत की त्याखाली लिहा : लाह्या देणार अमुक, नवऱ्याचा कान पिळणारही तोच, आणि तो कोण हे तीन ओळींत. ऑपरेशनच्या रात्रीची गोष्ट तिथेच येऊ द्या. आत्याबाई मुहूर्ताची वेळ बघायला पान उघडतील आणि त्यांना तो मुलगा भेटेल. हळदीला जात्यावर कोण बसणार, मंगलाष्टकं कोण म्हणणार, पंगतीत आग्रहाला कोण फिरणार, तुमच्या ग्रुपमधल्या प्रत्येकाला असं एखादं काम द्या. नुसता 'मित्र' म्हणून ओळख करून दिली तर लक्षात राहत नाही. वाढणाऱ्या हाताचं नाव मात्र लोक विचारून घेतात.

विधींची माहिती लांबवू नका. पाहुण्यांनी कधी काय करायचं तेवढंच लिहा. मंगलाष्टकं चालू असताना मंचावर चढून फोटो काढू नयेत, अक्षता हलक्या हाताने टाकाव्यात, सप्तपदी संपेपर्यंत जेवायला पळू नये. ज्यांचे जोडीदार मराठी नाहीत त्यांच्यासाठी अंतरपाट आणि सूनमुख एवढं समजावलंत तरी पुरे. आणि मोठ्या माणसांसाठी अक्षर ठसठशीत ठेवा. पीडीएफ ज्येष्ठांना मोबाइलवर वाचता येत नाही, त्यांच्या घरी छापील प्रत पोचवा.

त्या दोघांबद्दल : दोघांना वेगवेगळं विचारा, छापायच्या आधी पान दाखवा. तुम्ही परस्पर ठरवाल ते कुणालातरी बोचेलच. सगळ्या टीमचा फोटो ठेवायला सहसा कुणी नाही म्हणत नाही, दोघांचाच फोटो मात्र नको. खोल्या लांब द्या, आणि एकाच गाडीतून चिपळूणहून आणू नका. गाडीतला दीड तास पुस्तिकेतल्या फोटोपेक्षा जड जातो.

धागाकर्ती

मंडळी, किती मनापासून लिहिलंत! प्रवासाचं पान आज दुपारीच वेगळं करून पाठवलं, आरक्षणाच्या जायच्या आणि परतीच्या तारखा मोजून. बाबांच्या डोक्यात खरंच १२० दिवस होते.

कार्यक्रमपत्रिकेत माणसं गुंफायची कल्पना ऐकून आई फारच खूश आहे. तिनेच वाटणी सुरू केली आहे. दिग्दर्शिका मंगलाष्टकांतलं एक कडवं म्हणणार आहे, तिचा आवाज फार छान आहे. लेखकाला फोन केला आणि कापलेल्या संवादाबद्दल विचारलं. तो संवाद त्याला अजून पाठ आहे. पुढची वीस मिनिटं त्याने जे सांगितलं ते मी जसंच्या तसं उतरवून घेतलंय, 'प्रवास' हा शब्द त्यात एकदाही नाही.

त्या दोघांनाही विचारलं, वेगवेगळं. दिग्दर्शिका म्हणाली, टीमचा फोटो ठेव, मी त्यात कडेला उभी आहे तो ठेव. मुख्य नट बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला की पानं खाल्ल्याची गोष्ट मात्र गाळायची नाही, ती त्याची आहे. म्हणजे ती राहणार. तिला ते पान उद्या पाठवते आहे, तिने बघितल्याशिवाय छापायला देणार नाही. ती तुतारीने येईल, तो पुण्याहून गाडीने, असंही ठरलंय.

आता दोन गोष्टी उरल्या. गुहागर किंवा चिपळुणात आठ-दहा दिवसांत शंभरेक प्रती नीट छापून देईल असा छापखाना कुणाच्या माहितीत असेल तर विपू (विचारपुशीत निरोप) करा, पुण्याहून गठ्ठे नेण्यापेक्षा तिथेच बरं. आणि मावशी शुक्रवारी दापोलीहून दुपारी जेवून निघेल म्हणते, तर धोपाव्याला उतरून गुहागरला उजेडी पोचायचं असेल तर तिने दाभोळला किती वाजेपर्यंत यायला हवं, ते चिपळूणच्या दादांनी सांगावं.