आइन्स्टाईन कोसळला म्हणे

ए-२०३: (फॉरवर्ड) आइन्स्टाईनचा सिद्धांत कोसळला!! दीर्घिका त्याचं ऐकत नाहीत!!

सेक्रेटरी: उद्या सकाळी ७ ते ९ टाकी धुणार. पाणी भरून ठेवा.

सी-३०४: अण्णा, हा दर महिन्याला कोसळालाय की.

ए-२०३: का, माणूस चुकत नाही होय? सर, तुम्ही बोला.

बी-४०१: चुकेल की. पण ही बातमी जुनी आहे. दीर्घिका म्हणजे गॅलॅक्सी, त्यांच्या कडेचे तारे हिशेबापेक्षा जोरात फिरतात. मग एक तर तिथं न दिसणारं वस्तुमान आहे, नाहीतर गुरुत्वाकर्षणाचा नियमच तिथं वेगळा. दुसरी वाट मिलग्रोम या भौतिकशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये धरली, तिला मॉन्ड म्हणतात, म्हणजे न्यूटनच्या नियमात केलेली दुरुस्ती.

बी-१०२: डोक्यावरून गेलं.

बी-४०१: वहिनी, किरणोत्सवाला किरणं अंबाबाईच्या चरणांपाशीच विझली तर तुम्ही काय म्हणता?

बी-१०२: मधे कुणाचं तरी बांधकाम आलं, नाहीतर ढग.

बी-४०१: बघा, सूर्यानं वाट बदलली असं नाही म्हणत. युरेनसची चाल चुकायला लागली तेव्हाही असाच अडथळा शोधला आणि १८४६ ला नेपच्यून सापडला. ते गणित करणाऱ्या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिएनीच पुढं बुधाच्या चालीतला फरकही एका न दिसणाऱ्या ग्रहावर ढकलला. नाव पण ठरलं, व्हल्कन. तो काही सापडला नाही. शतकाला ४३ विकलांचा फरक (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), तो १९१५ मध्ये आइन्स्टाईनच्या नव्या नियमातून बरोब्बर निघाला.

सी-३०४: मग मॉन्डचंही तसंच असंल की सर?

बी-४०१: दीर्घिकांच्या वेगाला ते छान बसतं, खोटं कशाला बोलू. पण दीर्घिकांच्या समूहात गेलं की त्यालाही न दिसणारं वस्तुमान उसनं घ्यावं लागतं. आणि १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन तारे, म्हणजे मेलेल्या ताऱ्यांचे घट्ट गोळे, एकमेकांवर आदळले त्याचे गुरुत्वीय तरंग (गुरुत्वाकर्षणाच्या लहरी) आले, मागोमाग १.७ सेकंदांनी गॅमा किरणं. सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांचा प्रवास करून! म्हणजे गुरुत्वीय तरंग आणि प्रकाश, दोन्हींचा वेग जवळपास सारखाच. ज्या पर्यायी सिद्धांतांत दोन्हींचे वेग वेगळे होते, ते एका दिवसात गार.

ए-२०३: आमच्याकडं टाकीचं पाणी तिसऱ्या मजल्यावरनं दुसऱ्यावर यायला अर्धा तास लागतोय.

बी-१०२: आपले नारळीकर पण काहीतरी वेगळं सांगायचे ना?

बी-४०१: जन्म कोल्हापूरचाच, १९३८. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ हॉयल यांच्यासोबत १९६४ मध्ये स्वतःचा गुरुत्व सिद्धांत मांडला. वस्तूचं जडत्व विश्वातल्या बाकी सगळ्या वस्तूंमुळं येतं, अशी कल्पना. पुढच्या एका रूपात गुरुत्वाचा स्थिरांक, म्हणजे ओढीचा जोर ठरवणारा आकडा, हळूहळू घटत जातो. तो घटला तर चंद्र जादा लांब सरकायला पाहिजे. १९६९ ला अपोलो ११ नं ठेवलेल्या आरशांवर लेझर टाकून अंतर मोजतात. चंद्र वर्षाला ३.८ सेंमी लांब जातो, पण ते भरती-ओहोटीमुळं. त्यावर जादा काही निघालं नाही.

ए-२०३: मग मेसेज डिलीट मारू?

बी-४०१: कशाला? 'कोसळला' खोडा, 'अजून तपासालेत' लिहा.

सेक्रेटरी: अण्णा, बादल्या भरल्या का? ७ ला व्हॉल्व्ह बंद.