प्रबोधनकाळातील संगीतविचार: बहुस्वरी गायनावर फ्लॉरेन्सच्या विद्वानांचा आक्षेप कोणता होता?

प्रश्न (वीणावेल): सोळाव्या शतकात इटलीत चार-पाच स्वतंत्र स्वरावली एकाच वेळी गाण्याची कला ऐन भरात होती. तरीही हे संगीत मनाला भिडत नाही, प्राचीन ग्रीकांचे भिडत असे, असे फ्लॉरेन्समधील काही विद्वान म्हणत. ही निव्वळ दंतकथांवरची श्रद्धा होती, की त्यामागे काही तर्क होता?

मंद्रसप्तक: तर्क निश्चितच होता. ग्रीक ग्रंथांचे जाणकार जिरोलामो मेई यांनी १५७२ पासून रोमहून विन्चेन्झो गालिलेई (शास्त्रज्ञ गॅलिलिओंचे वडील) यांना लिहिलेल्या पत्रांत तो मांडला आहे. चढा स्वर आणि खालचा स्वर, जलद लय आणि संथ लय यांचे मनावरील परिणाम निरनिराळे असतात. मग एक गायक वर जात असताना दुसरा खाली उतरत असेल आणि तिसरा वेगळेच शब्द उच्चारत असेल, तर हे परिणाम एकमेकांना मारतात आणि श्रोत्याच्या पदरी केवळ कानाचे सुख पडते. गालिलेईंनी १५८१ च्या आपल्या संवादग्रंथात हाच मुद्दा लावून धरला. पुढे त्यांनी इटालियन कवी दान्तेच्या काव्यातील उगोलिनो या पात्राचा विलाप व्हायोल या गजाने वाजवायच्या तंतुवाद्यांच्या साथीने एकट्याने गाऊन दाखवला. ते संगीत आज उपलब्ध नाही, याची मला फार हळहळ वाटते.

शोधयात्री: गालिलेईंनी स्वतः बहुस्वरी मॅड्रिगल (इटालियन काव्यावरची अनेक आवाजांची गीते) रचली होती, हेही ध्यानात घ्यावे. शिवाय हा विचार केवळ तंत्रापुरता नव्हता. फ्लॉरेन्सचे तत्त्वज्ञ फिचिनो यांनी १४८९ मध्येच संगीताच्या परिणामाची शारीरिक मीमांसा केली होती: गाणे म्हणजे ऊबदार, जणू श्वास घेणारी हवा, आणि शरीर व आत्मा यांना जोडणारे सूक्ष्म प्राणतत्त्वही वायुरूपच असल्यामुळे गाणे त्याला थेट हलवते.

मंद्रसप्तक: फिचिनोंचा उल्लेख अगदी योग्य आहे. या विचाराची खरी कसोटी मात्र मला इटालियन संगीतकार मोन्तेवेर्दींच्या कामात दिसते. पूर्वीच्या रचनांत मृदू आणि संयत भाव सापडतात, क्षोभ सापडत नाही, असे त्यांनी १६३८ च्या संग्रहाच्या प्रस्तावनेत लिहिले. तो आणण्यासाठी व्हेनिसमध्ये १६२४ साली सादर झालेल्या तान्क्रेदी आणि क्लोरिंदा या काव्यातील दोन योद्ध्यांच्या द्वंद्वाच्या रचनेत त्यांनी एका दीर्घ स्वराचे सोळा तुकडे केले आणि ते एकाच तारेवर झपाट्याने वाजवायला लावले. साथीदारांना हे आधी हास्यास्पद वाटले आणि ते सोळाऐवजी एकच आघात करू लागले. त्याबरोबर क्षोभ नाहीसा झाला, अशी तक्रार मोन्तेवेर्दींनी त्याच प्रस्तावनेत नोंदवली आहे.