१७ वर्षांच्या भाच्याला दारूची तलफ येते, सोलापुरात कुणाकडे न्यावं?

जुळे सोलापूरचा मामा:
भाचा बारावीला आहे. गणपतीच्या मिरवणुकीत पोरांबरोबर बिअर घेतली, एवढंच ताईला माहीत होतं. आता शनिवारी क्लास सुटला तरी उशिरापर्यंत घरी येत नाही. परवा आपणहून म्हणाला, "मामा, संध्याकाळ झाली की घ्यावीशी वाटते, दुसरं काही सुचत नाही." दाजींना कळलं तर हात उचलतील. त्याला थेट व्यसनमुक्ती केंद्रात ठेवावं का?

निवृत्त शिक्षिका, होटगी रोड:
मामा, पोरगं तुमच्याशी बोललं ही मोठी गोष्ट आहे, तो धागा तुटू देऊ नका. केंद्राची घाई नको. तिथं बहुतेक मोठी, वर्षानुवर्षं पिणारी माणसं असतात. आधी सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत दाखवा. किती घेतो, कधीपासून, सोबत गुटखा किंवा गोळ्या आहेत का, हे डॉक्टरांना त्याला स्वतःला सांगू द्या. तुम्ही थोडा वेळ बाहेर बसा.

तलफेबद्दल त्याला एक नक्की सांगा: ती चढते तशी उतरतेही, बहुतेकदा अर्ध्या तासाच्या आत. तेवढा वेळ काढायचा असतो. पोट रिकामं, झोप अपुरी आणि तेच मित्र, तोच कट्टा असला की ती जोर धरते. म्हणून क्लास सुटायच्या वेळी तुम्हीच न्यायला जा, काहीतरी खायला घाला, सिद्धेश्वर तलावाकडं चक्कर मारा. या वयात मोह आवरणारा मेंदूचा भाग अजून घडत असतो, पंचविशीपर्यंत घडतो. नुसत्या शपथा घालून भागत नाही.

मात्र रोज घेत असेल आणि न मिळाल्यावर हात थरथरत असतील, घाम फुटत असेल, तर घरी एकदम बंद करू नका. झटके येऊ शकतात. लगेच दवाखाना गाठा.

अक्कलकोट रोडवरून:
पोराला दारू देतंय कोण, तेही बघा. महाराष्ट्रात बिअरला २१ आणि व्हिस्की-रमला २५ वर्षं पूर्ण लागतात. १८च्या आतल्या मुलाला दारू दिली तर बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड आहे. तक्रार उत्पादन शुल्क खात्याकडं करा, पण भाच्याचं नाव पुढं करू नका. नाहीतर तो पुन्हा तोंड उघडणार नाही.

जुळे सोलापूरचा मामा:
दोघांचे आभार. ओपीडीत जायला तो तयार आहे. दाजींना सांगावंच लागेल का? आणि रात्री-अपरात्री तलफ आली तर?

निवृत्त शिक्षिका, होटगी रोड:
सांगावं लागेल. तो १८च्या आत आहे, उपचाराला आई-वडिलांची संमती हवी. पण घरी, रागाच्या भरात नको. ताईला सोबत घेऊन डॉक्टरांसमोरच बोला, दाजीही तिथं ऐकून घेतील. रात्रीसाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ त्याच्याच मोबाईलमध्ये टाका. फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. व्यसनमुक्तीचा १४४४६ही असू द्या. त्याच्या यादीत तुमचा नंबर मात्र सगळ्यात वर ठेवा.