कोवालचुक आला आणि डेव्हिल्सचे गोल आटले: २०१०-११ चं खापर कुणावर?

बर्फाळ (धागाकर्ता)

मोठा गोल मारणारा खेळाडू घेतला की पुढचा मोसम आपलाच, असं चाहत्यांना वाटतं. मग पहिले दोन महिने संघ सपाटून हरतो आणि सगळी बोटं त्या एकट्याकडे वळतात. आइस हॉकीत याचं सर्वांत ठळक उदाहरण माझ्या मते एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या लीगमधल्या न्यू जर्सी डेव्हिल्सचं, मोसम २०१०-११.

ज्यांनी तो मोसम पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इल्या कोवालचुक अटलांटाकडून खेळताना दोन वेळा ५२ गोल मारून बसलेला. फेब्रुवारी २०१० मध्ये डेव्हिल्सनी त्याला आणलं आणि उन्हाळ्यात १७ वर्षं, १० कोटी २० लाख डॉलरचा करार केला. लीगने तो फेटाळला, लवादानेही लीगचीच बाजू घेतली. शेवटी सप्टेंबरात १५ वर्षं, १० कोटींवर शिक्कामोर्तब झालं. आधीच्या मोसमात १०३ गुण (विजयाला दोन, जादा वेळेतल्या पराभवाला एक) मिळवणारा संघ, त्यात असा खेळाडू पूर्ण वर्षासाठी. आणि अर्ध्या मोसमानंतर, म्हणजे ४१ सामन्यांनंतर, हिशेब काय? १० विजय, २९ पराभव, २ जादा वेळेतले पराभव. अख्ख्या लीगमध्ये तळाला.

माझं म्हणणं असं की कोवालचुक बिघडला नव्हता, त्याच्यापर्यंत पक (खेळातली रबरी चकती) पोहोचवणारी माणसं गेली होती. त्याच्या बदल्यात जॉनी ओडुया अटलांटाला गेला. उन्हाळ्यात पॉल मार्टिन पिट्सबर्गला गेला. दोघेही मागून पहिला पास नीट काढणारे बचावपटू. त्यांच्या जागी आला व्होल्चेन्कोव्ह. अंगावर फटके झेलण्यात एक नंबर, पण पक घेऊन पुढे जाणं हे त्याचं काम नव्हे. आपल्याच हद्दीतून पक बाहेर पडेना, तर डाव्या कडेला काठी उगारून उभा असलेला माणूस काय करणार?

---

चौथी लाइन

असहमत, आणि तुमच्याच मुद्द्यावर. पॉल मार्टिनचा हात मोडला होता. २००९-१० मध्ये तो जेमतेम २२ सामने खेळला. म्हणजे त्या १०३ गुणांच्या वर्षातही तुमचा 'पहिला पास' बहुतांश काळ संघाबाहेरच होता. मग तेव्हा पक कोण काढत होतं, भुतं?

कोवालचुकचा त्या मोसमाचा प्लस-मायनस (तो बर्फावर असताना आपले गोल वजा समोरच्यांचे) उणे २६ होता. हे मोजमाप ढोबळ आहे, मान्य. पण उणे २६ आपोआप होत नाही. पक गेला की मागे न फिरणं, बदलीची वेळ झाली तरी बाकाकडे न येणं, तीन जण अंगावर असताना एकट्याने घुसणं, हे सगळं आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. बर्फावर तो सामन्याला सरासरी २२ मिनिटांहून जास्त असायचा. फॉरवर्डला २२ मिनिटं दिली की ती दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याची कापली जातात.

---

बर्फाळ

मार्टिनचा टोला बसला. ओडुयाचा मुद्दा तरी ठेवतो, आणि अँडी ग्रीनचाही. २००९-१० मध्ये त्याने बचावात राहून ३७ गुण (स्वतःचे गोल अधिक गोलसाठी दिलेले पास) केले होते. दुसऱ्या वर्षी तो तिथेच होता, पण सोबतचे बदलले आणि त्याचेही गुण घसरले.

मात्र २२ मिनिटं कोवालचुकने स्वतःच्या खिशातून काढली नाहीत. कोण किती वेळ बर्फावर राहणार हे कोच ठरवतो.

---

गोलजाळी

तुम्ही दोघेही झॅक परीसे हे नाव विसरलात याचं नवल वाटतं. आधीच्या मोसमात ३८ गोल, ८२ गुण. ऑक्टोबरच्या अखेरीला गुडघा गेला आणि पूर्ण मोसमात फक्त १३ सामने. संघाचा सर्वोत्तम फॉरवर्ड गेला तर कुठलाही संघ लंगडतो. यात कोवालचुकचं नवं-जुनं काही नाही. डेव्हिल्सचे त्या वर्षी लीगमध्ये सर्वांत कमी गोल झाले, त्यातलं निम्मं उत्तर या गुडघ्यात आहे.

अवांतर: गोलरक्षक ब्रोदूरही त्या वर्षी आपल्या मापाने साधाच खेळला. अडवलेल्या फटक्यांचं प्रमाण .९०३. त्याच्याकडून एवढ्यावर कुणी समाधान मानत नसे.

---

चौथी लाइन

गुडघा ऑक्टोबरच्या अखेरीला गेला, पण रडगाणं मोसमाच्या सुरुवातीपासूनच चालू होतं. परीसे अंगात जर्सी घालून खेळत असतानाही संघ हरतच होता. त्याचे १३ सामन्यांत ३ गोल. उलट मी तर म्हणेन की परीसे आणि कोवालचुक दोघेही मुळात डाव्या कडेचे, त्यामुळे एकत्र खेळवले की एकाला अवघडूनच खेळावं लागणार. ट्रॅव्हिस झायाक ६७ गुणांवरून ४४ वर आला. दोन मोठ्या लोकांच्या मध्ये उभा राहिलेला सेंटर फुलायला हवा होता ना? तो तर सुकला.

---

पेनल्टी बॉक्स

मला पैशांबद्दल बोलायचंय, कारण त्याशिवाय ही गोष्ट अर्धी राहते.

११ ऑक्टोबर २०१०, समोर पिट्सबर्ग. मोसमाचा तिसरा सामना. नियमाने १८ स्केटर आणि २ गोलरक्षक उतरवता येतात. डेव्हिल्स उतरले १५ स्केटर घेऊन! काही जखमी होते, एकावर निलंबन होतं, आणि बदली खेळाडू वर बोलवायला सॅलरी कॅपमध्ये (संघाच्या एकूण पगारावरच्या मर्यादेत) जागाच उरली नव्हती. त्या मोसमात कॅप ५ कोटी ९४ लाख डॉलर होती. एकट्या कोवालचुकचा वर्षाचा हिशेब त्यात साधारण ६७ लाखांचा. सामना ३-१ ने हरले.

गल्लीतल्या मॅचला माणसं कमी पडतात ते समजू शकतो. जगातल्या सर्वांत श्रीमंत हॉकी लीगमध्ये मोसमाच्या तिसऱ्या सामन्याला तीन माणसं कमी? दमलेल्या संघाचे पाय तिसऱ्या पिरियडमध्ये कसे चालतात हे ज्याने कधी स्केट घातलेत त्याला विचारा. त्यात १७ वर्षांच्या कराराच्या भानगडीत ३० लाखांचा दंड आणि ड्राफ्टमधल्या (नवे खेळाडू वाटून घेण्याच्या फेरीतल्या) निवडी गेल्या, ते वेगळंच. पुढे दंड आणि शिक्षा दोन्ही सौम्य झाल्या, पण त्या ऑक्टोबरात ते कुणाला ठाऊक होतं?

माझं खापर जनरल मॅनेजरवर. बाकी कोच आणि खेळाडू आपापसात वाटून घ्या.

---

निळी रेषा

पेनल्टी बॉक्स यांच्याशी सहमत, पण एका सामन्याने २९ पराभव समजत नाहीत. समजतात ते कोच बदलल्यावर काय झालं ते पाहून.

जॉन मॅकलीन. क्लबचा लाडका जुना खेळाडू, १९९५ ला स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकणाऱ्या संघातला. लीगमध्ये मुख्य कोच म्हणून पहिलंच वर्ष. ३३ सामन्यांत ९ विजय, २२ पराभव, २ जादा वेळेतले. २३ डिसेंबरला नारळ. मग निवृत्त झालेले जाक लेमेर परत आले. उरलेल्या ४९ सामन्यांत २९ विजय, १७ पराभव, ३ जादा वेळेतले. कोवालचुक तोच, करार तोच, परीसेचा गुडघा तसाच.

आता सांगा, दोष खेळाडूचा असता तर फक्त बाकामागचा माणूस बदलून हे झालं असतं का?

त्याआधी ऑक्टोबरमध्ये मॅकलीनने कोवालचुकला एका सामन्यात सरळ बाहेर बसवलं, बफेलोविरुद्ध. कारण बाहेर सांगितलं नाही. १५ वर्षांच्या कराराचं पहिलं पान उलटायच्या आत तुम्ही सर्वांत मोठ्या खेळाडूला चारचौघांत कोपऱ्यात उभं करता. शिस्त हवीच, पण ड्रेसिंग रूम त्यातून काय शिकते? की कोच घाबरलाय.

---

चौथी लाइन

किंवा असं शिकते की नियम सगळ्यांना सारखा. तुम्हाला जी भीती दिसते तिला मी हिंमत म्हणेन.

आणि लेमेर आल्यावर नेमकं काय बदललं? त्याने कोवालचुकला मागे फिरायला लावलं, शिफ्ट (एका दमात बर्फावर राहण्याची वेळ) आटोपशीर केल्या, हद्दीच्या निळ्या रेषेवर पक गमवायचा नाही हे डोक्यात भरलं. म्हणजे मी पहिल्या प्रतिसादात जे दोष लिहिले तेच दुरुस्त केले! रोग नव्हता म्हणता, मग औषध कशाला लागू पडलं?

---

निळी रेषा

हाहा, हे चांगलं पकडलंत. पण लेमेरने फक्त त्यालाच नाही, सगळ्या वीस जणांना मागे फिरायला लावलं. तो त्याच्या पद्धतीचा पायाच आहे.

---

हॅटट्रिक हुकली

नोव्हेंबर २०१० मधला बफेलोविरुद्धचा तो शूटआउट (बरोबरीनंतर एकेकाने गोलीसमोर जाऊन गोलचा प्रयत्न) आठवतो का कुणाला? कोवालचुक एकटा गोलीकडे निघाला आणि गोलीपर्यंत पोहोचण्याआधीच पक काठीवरून निसटला. फटकाच मारला नाही. लोक अजून ती क्लिप हसत हसत पाठवतात. मला मात्र ती बघून वाईट वाटतं. ज्याला झोपेत गोल मारता येतो, त्याचे हात इतके आखडलेले मी दुसरीकडे पाहिले नाहीत. दहा कोटींचं ओझं काठीच्या टोकाला लटकलं होतं.

---

गोलजाळी

थोडा फाटा फोडतो. गोल मारणारा आणि गोल देणारा यात फरक करायला हवा. नोव्हेंबर २००५ मध्ये सॅन होजे सलग दहा सामने हरलेला संघ. बॉस्टनकडून जो थॉर्नटन आला आणि मोसमाअखेर संघाचे ९९ गुण. शेजारी खेळणाऱ्या चीचूने ५६ गोल मारले. तोवर चीचू बरा खेळाडू होता, इतकंच. पास देणारा आला की त्याचं पहिल्या दिवसापासून चौघांना मिळतं. निव्वळ गोल मारणारा आला की आधी चौघांना त्याच्या सवयी शिकाव्या लागतात. कुठे उभा राहतो, पास काठीच्या कुठल्या बाजूला हवा, पॉवर प्लेमध्ये (समोरचा एक जण शिक्षेवर असताना) कोण त्याची जागा मोकळी करतो. हे सरावात जमत नाही, हरता हरता जमतं.

---

पेनल्टी बॉक्स

याच हिशेबात कोलंबस घ्या. जून २०११, फिलाडेल्फियाकडून जेफ कार्टर. बदल्यात व्होराचेक आणि ड्राफ्टच्या दोन निवडी, त्यातल्या आठव्या क्रमांकावर फिलाडेल्फियाने कुतूरिए घेतला. कोलंबसने पहिल्या पंधरा सामन्यांत दोन जिंकले. जानेवारीत कोच आर्नील गेला, फेब्रुवारीत खुद्द कार्टर गेला. ३९ सामन्यांत १५ गोल मारून. मोसमाअखेर संघ तळाला.

---

चौथी लाइन

आणि कार्टर गेला कुठे? लॉस एंजेलिसला. तिथे त्याच वसंतात स्टॅन्ली कप. निर्णायक सामन्यात दोन गोल त्याचे. तुम्ही मला खोटं पाडायला हे उदाहरण दिलंत की खरं? हातखंडा तोच, फक्त खेळायची मर्जी आली.

---

बर्फाळ

मर्जी नव्हे हो, संघात कोपितारसारखा सेंटर आणि शेजारी जुना जोडीदार माइक रिचर्ड्स मिळाला. हेच तर पहिल्या पोस्टपासून सांगतोय.

आणि त्या अंतिम फेरीत समोर कोण होतं ते तुम्ही शिताफीने गाळलंत. डेव्हिल्स. कोवालचुकसकट. पाठदुखी घेऊन खेळत होता, तरी त्या प्लेऑफमध्ये २३ सामन्यांत १९ गुण. मोसमात ३७ गोल, ८३ गुण. 'मागे न फिरणारा' खेळाडू दीड वर्षात अंतिम फेरीत.

---

चौथी लाइन

आणि पुढच्याच वर्षी, जुलै २०१३ मध्ये, करारातली बारा वर्षं तशीच टाकून रशियाला. तेव्हा कोण फिरलं मागे?

---

बर्फाळ

हा मुद्दा वेगळा धागा मागतो. तुम्हीच काढा, पहिला प्रतिसाद माझा.