एकट्याचं जेवण आणि म्युनिकचे बाक
एकट्याने जेवताना ओशाळल्यासारखं होतं, असं बरेच जण म्हणतात. ते पटलं, पण ते बरंचसं टेबलावर अवलंबून असतं. दोघांच्या टेबलावर समोरची रिकामी खुर्ची खायला उठते. जर्मनीतल्या म्युनिकच्या बिअर गार्डनमध्ये लांबलचक बाक असतात, तिथे 'इस्ट हिअर नोख फ्राय?' (इथे जागा आहे का?) विचारून अनोळखी माणसांशेजारी खुशाल बसायचं. फक्त 'श्टामटिश' अशी पाटी असेल तिथे नको, ती नेहमीच्या मंडळींची जागा.

आणखी एक गंमत म्हणजे घरचा डबा चालतो! 1812 मध्ये बव्हेरियाच्या (म्युनिक ज्यात येतं त्या प्रदेशाच्या) राजाने बिअरवाल्यांना बागेत बिअर विकायची मुभा दिली, जेवण विकायला मात्र मनाई केली. तेव्हापासून लोक शिदोरी आणतात. टेबलक्लॉथ नसलेल्या टेबलांपाशी बसायचं, पेय मात्र तिथलंच घ्यायचं.

मी तिखटमिठाच्या पुऱ्या काढल्या, तर शेजारच्या पोलिश आजीबाईंनी आधी वास घेतला, मग दोन उचलल्या. तिला इंग्रजी बेताचंच, मला पोलिश शून्य. तरी तासभर बसलो. निघताना तिने लोणच्याच्या काकडीची अख्खी बरणी माझ्या हातात ठेवली. केबिन बॅगेत काही ती मावली नाही, हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात दोन दिवसांत संपली.